पुढील आठ वर्षांचा संगणक आजच विकत घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एका छोट्या कार्यालयात इमारतींचे नकाशे तयार होतात. बहुतेक काम ऑटोकॅडवरील द्विमितीय नकाशांचे आहे, ग्राहकाला दाखवण्यासाठी अधूनमधून स्केचअपमध्ये त्रिमितीय दृश्य केले जाते, आणि एका टेबलावर टॅली, एक्सेल व पत्रव्यवहार चालतो. तीन जुनी मशीन बदलायची असून दोन कोटेशने हातात आहेत. पहिल्यात मॉनिटर सोडून प्रत्येक मशीन ४५,००० रुपयांचे आहे: आय३-१४१०० प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि एसएमपीएससह (मशीनला वीज पुरवणाऱ्या भागासह) मिळणारे कॅबिनेट. दुसऱ्यात प्रत्येकी १,३०,००० रुपये: आय७-१४७००, झेड७९० बोर्ड, ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड. ‘एकदाच काय ते घेऊन टाका, आठ वर्षे बघायला नको’ असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. यांतले कोणते घ्यावे?

माझे मत आधीच सांगतो: दोन्ही कोटेशने परत करावीत. पहिल्यात काटकसर नको त्या जागी झाली आहे आणि दुसऱ्यात खर्च नको त्या जागी झाला आहे. कार्यालयांची मशीन बसवणे आणि सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे पुढचा विचार न करता घेतलेल्या मशीनपायी लोकांचे किती काम खोळंबते, हे मी सतत पाहतो. तेव्हा पुढच्या काळाची तरतूद करण्याला माझा मुळीच विरोध नाही. पण तरतूद करणे म्हणजे आज मिळणारा सर्वांत वेगवान भाग घेऊन ठेवणे, ही समजूत मला मान्य नाही. जे भाग नंतर बदलता येत नाहीत किंवा बदलायला महाग पडतात, आणि जे लवकर जुने होत नाहीत, त्यांच्यावर आज हात सैल सोडावा. जे दोन-तीन वर्षांत मागे पडतात आणि सहज बदलता येतात, ते चालू कामापुरते घ्यावेत आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवावी.

विक्रेता फसवतो आहे असे मी म्हणत नाही. अडचण ही आहे की आठ वर्षांनी नेमके काय लागणार आहे, हे त्याला माहीत नसते आणि हे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनाही माहीत नसते. २०१७ सालचेच उदाहरण घ्या. त्या वर्षी जानेवारीत इंटेलचा सातव्या पिढीचा आय७-७७०० बाजारात आला. कंपनीने जाहीर केलेली त्याची किंमत ३०३ डॉलर होती. ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचा आय३-८१०० आला, त्याची किंमत ११७ डॉलर. दोन्हींत कोअर (प्रोसेसरमधले गणन करणारे विभाग) चारच, पण आय७मध्ये प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन प्रवाह, चालत असल्यामुळे जड कामात तो आजही आय३च्या पुढे आहे. मात्र २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ आणले, तेव्हा इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद सोडता, पात्र यादीतून वगळले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला; ज्यांना सुरक्षा अपडेट हवेत त्यांना निदान आणखी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. म्हणजे दहा वर्षांच्या हिशेबाने महाग आय७ घेतलेला ग्राहक यादीबाहेर गेला आणि काही महिने थांबून स्वस्त आय३ घेतलेला यादीत राहिला. आडमार्गाने जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवता येते हे खरे, पण जिथून बँकेचे व्यवहार होतात आणि जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, अशा मशीनवर तसे करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. हा निकष लागणार असल्याचे २०१७ मध्ये कोणीही सांगू शकले नसते.

याहून ताजे उदाहरण एआय पीसीचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलचे पहिले कोअर अल्ट्रा प्रोसेसर आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी त्यांत एनपीयू नावाचा स्वतंत्र विभाग होता आणि ‘पुढच्या काळाचा लॅपटॉप’ म्हणून ते जोरात विकले गेले. पुढच्याच मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसीचे निकष जाहीर केले: एनपीयूची क्षमता किमान ४० टॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी क्रिया होतात याचे माप), रॅम किमान १६ जीबी. त्या पहिल्या कोअर अल्ट्रामधील एनपीयूची क्षमता होती ११ टॉप्सच्या आसपास. भविष्यासाठी म्हणून मोजलेले पैसे सहा महिन्यांतच निकषाबाहेर पडले. लॅपटॉप म्हणून त्या मशीनमध्ये काहीही खोट नव्हती, पण ज्या कारणासाठी ग्राहकाने जास्त पैसे दिले ते कारणच उरले नाही.

आगाऊ जास्त पैसे देणे काही ठिकाणी फळते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. २०१६ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन प्रकारांत आले. सुरुवातीच्या किमती अनुक्रमे १९९ आणि २४९ डॉलर होत्या. आरंभी दोन्हींत फारसा फरक जाणवत नसे. पुढे गेम आणि त्रिमितीय कामाची सॉफ्टवेअर अधिक मेमरी मागू लागली तसे ३ जीबीचे कार्ड अडखळू लागले, आणि ५० डॉलर जास्त मोजून घेतलेले ६ जीबीचे कार्ड त्यानंतरही बरीच वर्षे उपयोगी पडले. ग्राफिक्स कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून ते ५० डॉलर योग्य जागी गेले. माझ्या अनुभवात हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे. वेग कमी पडला तर काम सावकाश होते. जागा कमी पडली तर काम अडते. म्हणून वेगासाठी आगाऊ पैसे देताना मी हात आखडता घेतो आणि जागेसाठी देताना घेत नाही.

आता आपली कोटेशने भागाभागाने पाहू. सुरुवात एसएमपीएसपासून करतो, कारण पहिल्या कोटेशनमधली सर्वांत मोठी चूक तिथे आहे आणि ग्राहक तिकडे सहसा बघत नाहीत. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॉट असे छापलेले असते. त्याच स्टिकरवर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तिथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट एवढीच शक्ती त्या वाटेने मिळते, आणि आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टवरच घेतात. चांगल्या कंपनीच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात साधारण ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट. हलका एसएमपीएस सुरुवातीची दोन वर्षे तक्रार करत नाही. नंतर उन्हाळ्यात दुपारी मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागते, ग्राहक विंडोज पुन्हा टाकून घेतो, मग रॅम बदलतो, आणि शेवटी कोणीतरी एसएमपीएस उघडतो तेव्हा आतले कपॅसिटर फुगलेले दिसतात. तोपर्यंत बोर्डही सोबत गेला असण्याची शक्यता असते. पाच वर्षांची किंवा त्याहून अधिक वॉरंटी असलेला चांगला एसएमपीएस दोन प्रोसेसरांचे आयुष्य सहज पाहतो, आणि नवे मशीन घेताना काढून त्यात बसवता येतो. तिन्ही मशीनमध्ये तो बसवण्याचा आग्रह मी धरीन.

याच्या जोडीने कार्यालयातील वीजही तपासून घ्यावी. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधले व्होल्टेज मोजायला सांगावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर महाग मशीन घेण्याआधी अर्थिंग नीट करून घ्यावे. तसेच बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. दुसऱ्या कोटेशनमधले आय७ आणि ग्राफिक्स कार्ड असलेले मशीन पूर्ण भाराने चालू असताना वीज गेली, तर मॉनिटर धरून हा यूपीएस ते पेलेलच याची खात्री नाही, म्हणजे त्या १,३०,००० रुपयांवर मोठ्या यूपीएसचा खर्च वेगळा येणार. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र पहिले कोटेशन आपल्याला वाटते तितके वाईट नाही. ऑटोकॅडमधील द्विमितीय काम बहुतांशी एका वेळी एकाच कोअरवर चालते. आय३-१४१०० आणि आय५-१४४०० या दोन्हींच्या कोअरचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ आहे. आय७-१४७०० चा ५.४. कागदावर हा फरक सुमारे १५ टक्क्यांचा आहे, आणि भिंती ओढताना, लेयर बदलताना, नकाशा प्रिंटला देताना तो हाताला फारसा जाणवत नाही. आय७मधले २० कोअर त्या वेळी बहुतेक रिकामे बसतात. ते कामाला लागतात रेंडरिंगच्या, म्हणजे त्रिमितीय आराखड्याचे अंतिम चित्र तयार करण्याच्या वेळी, आणि रेंडरिंग करणारी आजची पुष्कळ सॉफ्टवेअर ते काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतात. शिवाय १४७०० या प्रोसेसरचा वेग वापरकर्त्याला वाढवता येत नाही. ती सोय नावापुढे ‘के’ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांत असते. झेड७९० बोर्डाचे जास्तीचे पैसे मुख्यतः त्याच सोयीचे असतात, म्हणजे हे पैसे आपल्या काहीही उपयोगाचे नाहीत. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, बायोसच्या (बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटद्वारे दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी तीनवरून पाच वर्षे केली. आय७-१४७०० त्या यादीत आहे. आय५-१४४०० आणि आय३-१४१०० नाहीत. अपडेट केलेल्या बोर्डावर आय७ वापरायला हरकत नाही, पण वरची पायरी म्हणजे जास्त टिकाऊ माल, हे गृहीतक प्रोसेसरला लागू पडत नाही, एवढे यातून दिसते.

बोर्ड मधल्या पायरीचा घ्यावा. एच६१० वर रॅमच्या दोनच जागा असतात, एसएसडीसाठी बहुधा एकच एम.२ स्लॉट असतो, आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर पुष्कळदा हीटसिंकही नसतो. बी७६० बोर्ड काही हजारांनी महाग पडतो, पण त्यावर सहसा दोन एम.२ स्लॉट मिळतात आणि नंतर दुसरी एसएसडी घालताना पहिली काढावी लागत नाही. बोर्ड बदलणे म्हणजे जवळपास अख्खे मशीन उघडून पुन्हा जोडणे, म्हणून इथे थोडे जास्त मोजावेत. पुढे प्रोसेसर बदलता यावा म्हणून सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याची जागा) बघून बोर्ड घ्यावा का, असेही विचारले जाते. या बाबतीत इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीची बाजू वरचढ आहे: २०१७ च्या अनेक एएम४ बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसवता आला, आणि सध्याच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी थांबला. तरीही माझे निरीक्षण असे आहे की कार्यालयातील मशीनचा प्रोसेसर क्वचितच कोणी बदलतो. बदलली जाते ती रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस. म्हणून सारख्याच किमतीत एएम५ मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण केवळ सॉकेटच्या आयुष्यासाठी मोठी रक्कम वाढवू नये.

रॅमच्या बाबतीत माझा नेहमीचा सल्ला मी सध्या बदलला आहे. एरवी मी म्हणत असे की आज लागेल तेवढी घ्या आणि एक स्लॉट रिकामा ठेवा, कारण रॅम कालांतराने स्वस्त होते. २०२५ च्या उत्तरार्धात एआय सर्व्हरांसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढली, उत्पादक तिकडे वळले आणि साध्या संगणकाच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. असे पूर्वीही घडले आहे. २०११ मध्ये थायलंडमधील पुरानंतर हार्ड डिस्क महागल्या होत्या आणि २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डे मिळेनाशी झाली होती. ‘नंतर स्वस्त होईल’ हा भरवसा म्हणूनच नेहमी खरा ठरत नाही. पण घबराटीने ६४ जीबी भरून ठेवण्यातही अर्थ नाही. आपल्या कामाला ८ जीबी आजच अपुरी आहे: विंडोज, ऑटोकॅड, ब्राउझरचे चार टॅब आणि एखादी मोठी पीडीएफ उघडली की मशीन एसएसडीवर हात पसरू लागते. नकाशे करणाऱ्या मशीनला १६ जीबी ही किमान मर्यादा समजावी, आणि त्रिमितीय काम करणाऱ्याला ३२. चार स्लॉटांच्या बोर्डावर डीडीआर५च्या (रॅमच्या सध्याच्या पिढीच्या) चारही पट्ट्या भरल्या तर रॅमचा वेग बहुधा खाली आणावा लागतो. म्हणून ८ जीबीच्या पट्ट्या जमवत न बसता १६ जीबीची एक पट्टी घेऊन तशीच दुसरी पुढे जोडणे बरे.

एसएसडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर जो फरक पडतो तो कोणालाही डोळ्यांनी दिसतो. ३,५०० एमबी प्रतिसेकंदाच्या एसएसडीवरून १४,००० च्या एसएसडीवर गेल्याचा फरक नकाशाच्या फाईल उघडताना दिसत नाही. पाच वर्षांची वॉरंटी असलेली मध्यम वेगाची घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून बॅकअपसाठी वेगळी एक्स्टर्नल डिस्क आणावी. तीन मशीनच्या कार्यालयात ती नसेल, तर नव्या मशीनच्याही आधी ती आणावी असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही कोटेशनांतील ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त खटकले ती ही, की तिन्ही मशीन एकसारखी लिहिली आहेत. कार्यालयातली तीन टेबले एकसारखे काम करत नाहीत. टॅली आणि पत्रव्यवहाराच्या टेबलाला आय३, १६ जीबी रॅम आणि प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरेसे आहे. म्हणजे पहिल्या कोटेशनमधल्या मशीनमध्ये तिथे मी फक्त रॅम आणि एसएमपीएस बदलीन. नकाशे काढणाऱ्याला आय५-१४४०० किंवा त्याच्या तोडीचा सहा कोअरचा रायझन, बी७६० किंवा (रायझनसाठी) बी६५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि एक मोठा, चांगला मॉनिटर द्यावा; दिवसभर रेषा बघणाऱ्या माणसासाठी मॉनिटरवरचा खर्च प्रोसेसरपेक्षा जास्त काळ उपयोगी पडतो. स्केचअप आणि रेंडरिंग ज्याच्याकडे आहे त्या एकाच मशीनमध्ये ३२ जीबी रॅम आणि किमान ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड घालावे. असे केल्यास, मॉनिटर सोडून, माझ्या अंदाजाने तिन्ही मशीन मिळून दोन ते अडीच लाखांत बसतात. दुसऱ्या कोटेशनची बेरीज ३,९०,००० होते; म्हणजे निदान १,४०,००० रुपये हातात राहतात.

ही रक्कम चौथ्या-पाचव्या वर्षासाठी आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर घटत्या किमतीवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. १,३०,००० रुपयांच्या मशीनची पुस्तकी किंमत चार वर्षांनी साधारण १६,८०० उरते. म्हणजे घसाऱ्याचा बहुतेक लाभ पहिल्या चार वर्षांतच मिळून जातो, आणि पाचव्या वर्षी घेतलेल्या नव्या भागांवर तो पुन्हा मिळू लागतो. जीएसटी नोंदणी असल्यास इनपुट क्रेडिट दोन्ही वेळा मिळते. याचा तपशील आपल्या करसल्लागाराकडून पक्का करून घ्यावा. चार वर्षांनी त्या पैशांत जो प्रोसेसर आणि बोर्ड येईल, तो त्या दिवशीच्या विंडोजच्या निकषांत बसणारा असेल, आणि आपला एसएमपीएस, कॅबिनेट व मॉनिटर तेच राहतील.

लॅपटॉप घ्यायचा असता तर मी वेगळे लिहिले असते. हल्लीच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ॲपलने मॅकबुक एअरची किमान मेमरी ऑक्टोबर २०२४ मध्ये ८ वरून १६ जीबी केली; त्याआधी ८ जीबीचे मॉडेल घेतलेल्यांना आता काहीच करता येत नाही. अशा ठिकाणी रॅमसाठी आजच जास्त पैसे द्यावेत, प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

नवी कोटेशने मागवताना प्रत्येक भागाचे कंपनीसह पूर्ण मॉडेल नाव लिहून मागावे. ‘१६ जीबी रॅम’ किंवा ‘५५० वॉट एसएमपीएस’ एवढेच लिहिलेले कोटेशन स्वीकारू नये, कारण मशीन जोडताना त्या शब्दांत काहीही बसवता येते. प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी, रॅम, एसएमपीएस आणि कार्ड यांची वॉरंटी वेगवेगळ्या कंपन्यांकडे आणि वेगवेगळ्या मुदतीची असते, तेव्हा बिलावर प्रत्येकाचा सीरियल नंबर छापून घ्यावा. कॅबिनेट बंद करण्यापूर्वी एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवावा. आणि पैसे देण्याआधी त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाशिकमध्येच आहे की भाग मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, हे विचारून घ्यावे. महिनाभर बोर्ड परत न आल्यास एक टेबल तेवढे दिवस बंद राहते, आणि तो खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो.